सुतळी, पेन्सिल आणि दीड तासात पाच चित्रं

कलेच्या इतिहासाच्या पहिल्या तासाला प्रोजेक्टर लावण्याआधी सुतळीचा गुंडा, मोजपट्टी आणि कागदी टेप बाहेर काढावी. भिंतीवर ७७ सेंटिमीटर उंच आणि ५३ सेंटिमीटर रुंद असा सुतळीचा चौकोन चिकटवायचा. ही मोनालिसा. मग ६ मीटर ७७ सेंटिमीटर उंच आणि ९ मीटर ९४ सेंटिमीटर रुंद असा दुसरा चौकोन घालायला घ्यायचा. तो खोलीत मावत नाही, बाहेर जाऊन जमिनीवर आखावा लागतो. हे इटालियन चित्रकार व्हेरोनेजेचं १५६३ सालचं ‘काना येथील लग्न’. पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयात ही दोन्ही चित्रं एकाच दालनात, समोरासमोर आहेत. पडद्यावर आणि पुस्तकात मात्र दोन्ही एकाच मापाची होऊन येतात, आणि शिकणाऱ्याच्या डोक्यात तशीच राहतात.

लहान वर्ग आणि दालनातली फेरी यांची जोडी हवी ती यासाठीच. वर्गात तुलना करता येते, थांबता येतं, मागे जाता येतं. पण माप, पृष्ठभाग, चकाकी, वस्तूची मागची बाजू, ती कुठल्या उजेडात कशी दिसते, हे फक्त दालनात कळतं. म्हणून वर्गाचं खरं काम एकच मानावं : प्रत्यक्ष वस्तूसमोर उभं राहिल्याशिवाय ज्याचं उत्तर मिळणार नाही, असा प्रश्न तयार करणं. तसा प्रश्न बरोबर नेला नाही, तर फेरी म्हणजे चालत चालत ऐकलेलं व्याख्यान होतं, आणि ते व्याख्यान खुर्चीवर बसून जास्त चांगलं ऐकता आलं असतं.

आखणी अशी ठेवावी : दोन वर्ग, मग एक फेरी, असं तीनदा. म्हणजे दीड-दीड तासाच्या नऊ बैठका. माणसं आठ ते बारा. आठाच्या खाली गेलं की दोघं-तिघंच बोलत राहतात. बाराच्या वर गेलं की मागच्या रांगेला चित्र दिसत नाही. पाषाणयुगापासून आजपर्यंतचा सगळा प्रवास नऊ बैठकांत करू नये. त्यात प्रत्येक शतकाला एक-दोन चित्रं येतात आणि कुठल्याच चित्रापाशी थांबणं होत नाही. त्यापेक्षा एकच धागा धरावा. व्यक्तिचित्र, निळा रंग, एका शतकातलं एक शहर, काहीही चालेल. निळ्याचंच घ्या. अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणीतला लाजवर्द (निळा रंग देणारा दगड) अजिंठ्याच्या भिंतीवर आहे आणि युरोपातल्या लाकडी फलकांवरही. तो महाग होता, म्हणून कुठे वापरला आणि कुठे टाळला हे पाहिलं की चित्र कोणी, कशासाठी करवून घेतलं इथपर्यंत पोचता येतं. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये प्रशियन निळा हा स्वस्त, कृत्रिम रंग तयार झाल्यावर हे गणित बदललं. एवढ्या एका धाग्यावर नऊ बैठका सहज उभ्या राहतात.

पहिल्या वर्गात नावं, सनावळ्या, शैली यांतलं काहीच नको. दोघांना पाठीला पाठ लावून बसवावं. एकाच्या हातात चित्राची प्रत, दुसऱ्याच्या हातात कागद-पेन्सिल. पहिल्याने सांगायचं, दुसऱ्याने काढायचं. दहा मिनिटांनी अदलाबदल. ‘सुंदर’, ‘शांत’, ‘गूढ’ या शब्दांनी काहीही काढता येत नाही हे पहिल्या मिनिटातच कळतं. ‘डावीकडून उजेड येतोय’, ‘टेबलाची कड चित्राच्या निम्म्या उंचीच्या जरा खाली आहे’, ‘बाई तीन चतुर्थांश वळलेली आहे’ असे शब्द मग आपोआप येतात. कलेच्या इतिहासाची भाषा इथून सुरू होते. संज्ञा नंतर सांगितल्या तरी चालतं.

दुसऱ्या वर्गात जोड्या लावायच्या. दोन चित्रं शेजारी-शेजारी ठेवून शिकवण्याची पद्धत स्विस अभ्यासक हाइनरिश वोल्फलिन (१८६४–१९४५) यांनी रूढ केली, आणि आजही तिच्यापेक्षा सोपं आणि धारदार साधन नाही. नियम एवढाच की दोन्ही चित्रांत एक गोष्ट समान हवी. लिओनार्दोचं मिलानमधलं ‘अखेरचं भोजन’ (१४९५–९८) आणि तिंतोरेत्तोचं व्हेनिसमधलं त्याच विषयाचं चित्र (१५९२–९४) घ्या. विषय तोच, माणसं तीच. एकात टेबल आपल्यासमोर सरळ, आडवं. दुसऱ्यात ते तिरकं आत धावत जाणारं. एकात येशू मधोमध, खिडकीच्या उजेडावर. दुसऱ्यात तो दूर, आणि त्याला शोधायला त्याच्याच डोक्याभोवतीचा प्रकाश मदत करतो. शंभर वर्षांत काय बदललं हे शिकणारी माणसं स्वतःच सांगतात. जोडी फसते ती दोन्ही चित्रांत काहीच समान नसलं की. मग ‘हे जुनं, ते नवं’ यापलीकडे चर्चा जात नाही.

याच वर्गात सामग्री शिकवायची, आणि दर सामग्रीमागे एक प्रश्न वहीत लिहून घ्यायचा. अंड्याच्या बलकात घोटलेला रंग काही मिनिटांत सुकतो. तो ओला असताना एकमेकांत मिसळत बसता येत नाही, म्हणून छटा बारीक बारीक रेघांनी आणावी लागते. दालनातला प्रश्न : गालावर रेघा दिसतात का? सोन्याचा वर्ख लाल मातीच्या लेपावर बसवतात. वर्ख झिजला की खालचा लाल डोकावतो. प्रश्न : कुठल्या कडेला लाल दिसतो, आणि तिथेच का झिजला असेल? सिएनाच्या जुन्या फलकांवरचे चेहरे हिरवट दिसतात, कारण त्वचेखाली हिरव्या मातीचा थर आधी दिलेला असे आणि वरचा गुलाबी विरळ झाला. तैलरंग हळू सुकतो, पातळ पारदर्शक थर एकावर एक चढवता येतात. पण काळाबरोबर शिशाच्या पांढऱ्याचे थर जास्त पारदर्शक होतात आणि चित्रकाराने बदललेला पहिला विचार वर येतो. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात वेलास्केझने काढलेल्या स्पेनच्या राजा चौथ्या फेलिपच्या अश्वारूढ चित्रात घोड्याचे आधी काढलेले मागचे पाय असे दिसू लागले आहेत. लिओनार्दोचं ते भोजनाचं चित्र त्याच्या हयातीतच पापुद्रे सोडू लागलं होतं, कारण त्याने ओल्या गिलाव्यावर रंगवण्याऐवजी कोरड्या भिंतीवर काम केलं आणि रंग भिंतीत मुरलाच नाही.

रंग उडतात आणि काळवंडतात, हे सांगायला विसरू नये. व्हॅन गॉगच्या १८८८ सालच्या शयनगृहाच्या चित्रातल्या भिंती आज निळ्या दिसतात, पण त्याने त्या जांभळट रंगवल्या होत्या. लाल रंगद्रव्य फिकं पडलं. स्यूराच्या ‘ग्रांद जात’वर (१८८४–८६) जस्ताच्या पिवळ्याचे ठिपके तपकिरी झाले. हे माहीत नसेल तर माणूस रंगसंगतीवर मोठा सिद्धांत मांडतो आणि तो रंगद्रव्याच्या बिघाडावर उभा असतो.

आता फेरी. इथे सगळ्यात जास्त चुका होतात, आणि बहुतेक चुका आधीच्या आठवड्यात होतात. ठरवलेली वस्तू त्या दिवशी भिंतीवर असेल का, हे आठवडाभर आधी विचारावं आणि आदल्या दिवशी पुन्हा विचारावं. चित्रं दुसरीकडे प्रदर्शनाला जातात, दुरुस्तीला जातात. कागदावरच्या कामांचं तर हे ठरलेलंच असतं : जलरंग, रेखाटनं, लघुचित्रं, वस्त्रं साधारण ५० लक्स (लक्स हे उजेड मोजायचं एकक) इतक्याच उजेडात ठेवतात आणि काही महिन्यांनी काढून घेतात, कारण उजेडाने झालेलं नुकसान भरून येत नाही. तैलचित्रांना १५० ते २०० लक्स चालतो. म्हणून लख्ख दालनातून लघुचित्रांच्या दालनात शिरल्यावर तीन-चार मिनिटं काहीही न बघता थांबावं. डोळे अंधाराला सरावले की मगच रेषा दिसू लागते. न थांबता पुढे गेलेला गट ‘नीट दिसत नाही’ म्हणून दोन मिनिटांत बाहेर पडतो.

दीड तासात पाच वस्तू, फार तर सहा. प्रत्येकीला बारा मिनिटं धरली तर तास होतो. उरलेला अर्धा तास चालणं, बसणं, पाणी, वाट बघणं यात जातो. ‘दोन तासांत तीस अजोड कलाकृती’ असं पत्रकात लिहिलेलं असेल तर भागाकार करून पाहावा : चालण्यासकट प्रत्येकी चार मिनिटं. अशा फेरीला मी कोणालाही जा म्हणणार नाही. बॉस्टनच्या कलासंग्रहालयातल्या बेंजामिन इव्ह्ज गिलमन यांनी १९१६ सालीच ‘संग्रहालयाचा थकवा’ या विषयावर लिहिलं होतं आणि पेटीतली वस्तू व पाटी वाचायला माणसाला किती वाकावं, वळावं लागतं याची छायाचित्रं छापली होती. थकवा आधी पायाला आणि पाठीला येतो, डोळ्याला नंतर. घडीची स्टुलं मिळत असतील तर प्रत्येकाने घ्यावीत. मिळत नसतील तर बाकाजवळची वस्तू निवडावी, अगदी दुसरी एखादी जास्त प्रसिद्ध असली तरी.

बरोबर पेन्सिल, साधारण २बी, आणि छोटी वही. शाईचं पेन बहुतेक दालनांत चालत नाही, आणि ते योग्यच आहे. शाईचा डाग निघत नाही. पाठीवरची पिशवी जमा करावी किंवा पोटावर घ्यावी, कारण मागे सरकताना ती किती बाहेर आली आहे हे कळत नाही. चित्राकडे बोट दाखवू नये, लेझर तर नाहीच. जागा सांगायला घड्याळ वापरावं : ‘दोन वाजतात तिथला हात’, ‘सातच्या बाजूचं कुत्रं’. दोन चित्रांत सगळ्यांना सवय होते. लघुचित्रांसाठी अर्ध्या मीटरवर फोकस होणारी छोटी दुर्बीण मिळाली तर फार उपयोगी. साधं भिंग काचेबाहेरून चालत नाही, कारण त्याला वस्तू अगदी जवळ लागते.

चित्रासमोर पोचल्यावर शिकवणाऱ्याने बाजूला उभं राहून दोन मिनिटं गप्प बसावं. हे सोपं वाटतं, पण बोलण्याची सवय असलेल्या माणसाला ते जड जातं. चित्राच्या कर्णाच्या दीडपट-दुप्पट अंतरावरून आधी पूर्ण चित्र, मग पाऊल पाऊल पुढे. त्यानंतर एका बाजूला सरकून, किंचित खाली वाकून तिरकं बघायचं : पृष्ठभागावर पसरणाऱ्या चकाकीत रंगाचे जाड फटकारे वर येतात आणि नंतरच्या दुरुस्तीचे ठिपके कधी कधी वेगळे दिसतात. पाऊण मीटर रुंदीच्या चित्रासमोर एका वेळी चार-पाचच माणसं नीट बघू शकतात, वीतभर पानासमोर दोन-तीन. म्हणून गट तिघा-तिघांत फोडावा आणि बाकीच्यांना शेजारच्या वस्तूचं रेखाटन द्यावं.

रेखाटन सुबक नको. पाच मिनिटांत एकच गोष्ट काढायची. वेलास्केझच्या १६५६ सालच्या ‘लास मेनिनास’समोर फक्त नजरांचे बाण काढा. खोलीत नऊ माणसं आहेत, शिवाय आरशात राजा-राणी. कोण कुठे बघतंय हे बाणांनी दाखवलं की बरेचसे बाण कागदाबाहेर, आपल्या दिशेला येतात. आणि ३१८ सेंटिमीटर उंचीच्या या चित्राचा वरचा जवळजवळ अर्धा भाग नुसती काळोखी खोली आहे, हेही तेव्हाच लक्षात येतं. कारण मुलीभोवती कापलेली प्रत पाहून आलेल्याला तो भाग माहीतच नसतो.

चर्चेसाठी तीन प्रश्न पुरतात. या चित्रात काय चाललंय? असं वाटायला चित्रात काय दिसलं? आणखी काय सापडतंय? फिलिप येनावाइन आणि अ‍ॅबिगेल हाउसन यांनी घडवलेली ही पद्धत नवख्या गटाला बोलतं करते. पण तिच्यावरच थांबलेला वर्ग इतिहास शिकत नाही, हे माझं ठाम मत आहे. माहिती द्यायलाच हवी. प्रश्न आहे तो केव्हा. यान व्हान आइकचं १४३४ सालचं आर्नोल्फिनी दांपत्याचं चित्र पाहा, लंडनच्या नॅशनल गॅलरीतलं, ८२ × ६० सेंटिमीटर. बहुतेक गट म्हणतो, बाई गरोदर आहे. लगेच ‘नाही’ म्हटलं तर चर्चा मरते. ‘कशावरून?’ विचारलं की उत्तर येतं, पोटापाशी फुगवटा आहे. मग विचारायचं, तिचा हात काय करतोय? तो घोळदार झग्याचं कापड पुढे उचलून धरतोय. इतपत गटाने स्वतः पाहिलं, की तेव्हाच्या पोशाखात एवढं कापड वापरणं हे श्रीमंतीचं लक्षण होतं, हे सांगायची वेळ झाली. तसंच लग्नाचं. झुंबरात एकच मेणबत्ती पेटलेली, काढून ठेवलेली पादत्राणं, कुत्रं, आरशात दारात उभी दोन माणसं, आरशाच्या वर ‘यान व्हान आइक इथे होता’ अशी लॅटिन अक्षरं. कलेचे इतिहासकार एर्विन पानोफ्स्की यांनी १९३४ साली या खुणा जोडून हे विवाहाच्या साक्षीचं चित्र आहे असं मांडलं. पुढच्या अभ्यासकांनी ते बऱ्याच अंशी अमान्य केलं. गटाने खुणा आधीच गोळा केलेल्या असल्या तर दोन्ही बाजू त्यांच्यापुढे ठेवता येतात आणि पुरावा कुठे पुरतो, कुठे ताणला जातो हे त्यांना तोलता येतं. खुणा गोळा व्हायच्या आधी पानोफ्स्कींचं नाव घेतलं, तर सगळे त्याचीच री ओढतात.

पाटी सगळ्यात शेवटी वाचायची, पण अक्षर न अक्षर वाचायची. उंची आधी, रुंदी नंतर. क्रमांकाचे पहिले आकडे अनेक संग्रहालयांत वस्तू कुठल्या साली आली ते सांगतात. कोणी दिली हेही लिहिलेलं असतं. आणि चित्रकाराच्या नावाआधीचा शब्द तर डोळ्यांत तेल घालून पाहावा. ‘अमुकच्या नावे’ म्हणजे बहुधा त्याचं, खात्री नाही. ‘कार्यशाळा’ म्हणजे त्याच्या देखरेखीखाली शिष्यांच्या हातचं. ‘वर्तुळ’ म्हणजे त्याच्या काळातल्या, त्याच्या जवळच्या कोणाचं तरी. ‘अनुयायी’ म्हणजे त्याची शैली उचललेल्या दुसऱ्याचं. ‘वरून’ म्हणजे नक्कल. अकबराच्या चित्रशाळेतल्या पोथ्यांमध्ये तर एकाच पानाखाली दोन-तीन नावं सापडतात : तरह म्हणजे आखणी एकाची, अमल म्हणजे रंगकाम दुसऱ्याचं, कधी चेहरे तिसऱ्याचे. तिथे ‘हे कोणाचं चित्र?’ हा प्रश्नच निराळा होतो. ‘लघुचित्र’ या शब्दालाही तिथे धक्का बसतो. याच चित्रशाळेतल्या हम्झानामा या कथापोथीची चित्रं कापडावर, जवळजवळ ६८ × ५२ सेंटिमीटरची, म्हणजे मोनालिसाच्या सुतळीत जेमतेम मावणारी. आणि अशी सुमारे चौदाशे चित्रं पंधराएक वर्षांत केली गेली.

मूर्तीपाशी वेगळं वागावं लागतं. एक पूर्ण प्रदक्षिणा, आणि पाठीशी सगळ्यात जास्त वेळ. पाटण्याजवळ १९१७ साली सापडलेली दीदारगंजची यक्षी समोरून प्रसिद्ध आहे. पण चुनारच्या वालुकाश्मावरची झिलई आणि तुटलेला डावा हात यांचा विचार बाजूने पाहिल्याशिवाय होत नाही. चोळकालीन कांस्यमूर्तीच्या पीठाला भोकं का आहेत? मिरवणुकीत दांडे घालून ती खांद्यावर नेत म्हणून. म्हणजे ती वस्त्रांत, फुलांत, हलत्या उजेडात दिसत होती, आणि दालनातलं तिचं स्थिर, उघडं दर्शन हे नवं आहे. रोमन संगमरवरी पुतळ्याच्या पायाशी झाडाचं खोड का? बऱ्याचदा मूळ ग्रीक पुतळा ब्राँझचा, आतून पोकळ आणि हलका. तोच तोल दगडात धरला तर घोटे मोडतील, म्हणून आधार. हे तिन्ही प्रश्न छायाचित्रावरून सुचतच नाहीत, कारण छायाचित्रकाराने पीठ, पाठ आणि खोड चौकटीबाहेर ठेवलेलं असतं.

मोबाइल बाहेर काढायचा तो शेवटच्या दोन मिनिटांत, फ्लॅश बंद करून, आणि फक्त दोन फोटो : एक पाटीचा, एक ज्या जागेने आपल्याला अडवलं तिचा. पूर्ण चित्राचा फोटो काढण्यात अर्थ नाही. काचेची चमक आणि तिरका कोन घेऊन आलेल्या त्या फोटोपेक्षा संग्रहालयाच्या संकेतस्थळावरचा चांगला असतो. रेम्ब्राँच्या ‘रात्रीच्या गस्ती’ची अ‍ॅमस्टरडॅमच्या रेइक्स संग्रहालयाने २०२२ साली दिलेली प्रतिमा ७१७ गिगापिक्सेलची (एक गिगापिक्सेल म्हणजे शंभर कोटी ठिपके) आहे, तिच्यात रंगाचे कण दिसतात. तीच प्रतिमा पुढच्या वर्गात उघडावी आणि सांगावं की हे चित्र रात्रीचं नाही, काळवंडलेल्या वॉर्निशने त्याला ते नाव दिलं. आणि १७१५ साली ते नव्या जागेत बसवायला कडांनी कापलं.

फेरीनंतर चोवीस तासांच्या आत, फोटो न उघडता, एका चित्रावर दीडशे शब्द लिहायचे. मग फोटो उघडून चुकलेल्या जागांवर पेन्सिलने खूण करायची. उजेड उलट्या बाजूला गेलेला असतो, एखादा माणूस गायब असतो, निळं हिरवं झालेलं असतं. पुढचा वर्ग या खुणांपासून सुरू करावा, कारण गटातल्या पाचजणांनी एकच जागा चुकवली असेल तर चित्रकाराने तिथे काहीतरी केलेलं असतं : उजेड चोरलेला असतो, कड विरघळवलेली असते, किंवा दुसरीकडे लक्ष ओढून घेतलेलं असतं.

शेवटच्या फेरीत शिकवणाऱ्याने बोलायचं नाही. प्रत्येकाने एक वस्तू आणि दहा मिनिटं घ्यावीत. दोन मिनिटं शांतता, पाच मिनिटं प्रश्न, तीन मिनिटं माहिती. माहितीचे मुद्दे तीनच, पोस्टकार्डाएवढ्या कागदावर लिहून आणलेले. बारा जण असतील तर हे दोन दिवसांत विभागावं, एका दिवशी सहा. आणि ज्याची वस्तू त्या दिवशी भिंतीवरून काढलेली निघेल त्याच्यासाठी शेजारची एक वस्तू आधीच पाहून ठेवावी.